शिशुवर्गातील गाणे, ताल आणि हालचाल

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात घोटी येथे झालेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वान वक्ते बोलतात. डॉक्टर, वकील, मोठ्या हुद्द्यावरील अधिकारी अशा आपल्या ज्ञातिबांधवांचे विचार आपण ऐकलेले आहेत. यंदा चिटणीसांनी मजसारख्या प्राथमिक शिक्षकास येथे उभे केले, याचे मला स्वतःलाच नवल वाटते. माझी विद्या ती केवढी? १९७४ साली जुन्या अकरावीची मॅट्रिक झालो, दोन वर्षे अध्यापन विद्यालयात काढली, आणि पुढची सारी उमर याच तालुक्यात पहिली-दुसरीच्या वर्गांपुढे उभा राहिलो. वरचे वर्ग मला फारसे मिळाले नाहीत, आणि खरे सांगायचे तर मी ते मागितलेही नाहीत. तेव्हा मी जे काही सांगणार आहे ते बहुतेक सहा-सात वर्षांच्या मुलांकडून शिकलेले आहे, एवढे ध्यानात ठेवून आपण ऐकावे.

मेळाव्याच्या निमंत्रणपत्रिकेत भाषणाचा विषय छापून आला तेव्हा आमच्या एका व्याह्यांनी मला बाजारात गाठले आणि विचारले, "काय गुरुजी, आता अडुसष्टाव्या वर्षी नाच शिकवणार काय?" मी म्हणालो, "होय, पण आपल्याला नव्हे, आपल्या नातवाला." ते हसले. परंतु त्यांच्या हसण्यात जो प्रश्न होता तो आज या सभेत बसलेल्या पुष्कळांच्या मनात आहे, हे मी जाणतो. आपल्या मंडळाच्या सभागृहात सकाळी जी बालवाडी भरते तिच्याऐवजी तेथे बाके टाकून लेखन-वाचनाचा वर्ग सुरू करावा, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आलेली आहे. सूचना करणारे माझे मित्रच आहेत आणि त्यांचा हेतू वाईट नाही. मुले तेथे नुसती नाचतात, हातात पेन्सिल कधी धरणार, ही त्यांची चिंता आहे. त्या चिंतेला उत्तर द्यावे म्हणूनच मी हा विषय घेतला.

प्रथम माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. नोकरीची पहिली काही वर्षे झाली होती. एका वाडीवरच्या शाळेत होतो. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. आवणीचे दिवस होते. आपल्याकडचा पाऊस आपणांस सांगायला नको. पत्र्यावर तो असा कोसळत होता की माझे बोलणे मलाच ऐकू येत नव्हते. पहिलीचा एक मुलगा, अंगाने किरकोळ, दप्तरादाखल आणलेल्या पत्र्याच्या डब्यावर बोटांनी सारखा ठेका धरी. दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा मी छडी उचलली आणि त्याच्या बोटांवर मारली. तो रडला नाही. डबा उचलून त्याने मांडीखाली सारला आणि माझ्याकडे पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी घरी जाऊन आलो. आई म्हणाली, गुरे राखायला गेला. हजेरीपटावर त्याचे नाव वर्षअखेरपर्यंत राहिले, मुलगा मात्र पुन्हा वर्गात दिसला नाही.

दोन वर्षांनी त्याच बाजूच्या एका गावी बोहाडा पाहण्यास गेलो होतो. आपल्यापैकी ज्यांनी बोहाडा पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की प्रत्येक सोंगाची चाल निराळी असते. गणपती येतो तो डुलत, शारदा येते ती हलक्या पावलांनी, आणि राक्षसांची सोंगे आली की वाजपाचा सारा नूरच पालटतो. मुखवटा जड, उजेड मशालीचा, आणि सोंग घेतलेला माणूस बघत नाही, ऐकतो. संबळ सांगेल तसे त्याचे पाऊल पडते. त्या वाजंत्र्यांत चुलत्याच्या शेजारी बसून झांज धरलेला तोच मुलगा मला दिसला. रात्र सरत आली तरी त्याचा एक ठोका चुकला नाही. सोंग बदलले की चुलत्याने मान हलवण्याच्या आधी त्याची झांज बदले. माझ्या वर्गात ज्याला वीसपर्यंत अंक म्हणता आले नव्हते तो रात्रभर मात्रा मोजीत होता! मी मागच्या रांगेत उभा होतो. पुढे जाऊन त्याच्याशी बोलावे असे मनात आले, पण धीर झाला नाही. त्या मुलाला शाळेत ठेवण्याची दोरी त्याच्याच बोटांत होती, आणि मी नेमकी तीच तोडली होती.

त्यानंतर मी या विषयावर जे हाती लागेल ते वाचू लागलो. वाचता वाचता जी दोन नावे मला भेटली ती आपण आदराने घ्यावीत अशी आहेत: ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ.

ताराबाई १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाईंनी तेथे १९२० साली बालमंदिर काढले होते. मूळ पद्धत इटलीच्या माँटेसरीबाईंची. त्यांचे पहिले बालगृह रोम शहरातील गरीब वस्तीत १९०७ साली उघडले. त्या पद्धतीत मुलांना जमिनीवर आखलेल्या रेषेवरून संगीताच्या साथीने चालायला लावतात, एकसारख्या दिसणाऱ्या पण निराळ्या आवाजाच्या डब्यांची जोडी लावायला देतात. पद्धत उत्तम, पण साधने महाग. ताराबाई १९४५ साली ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे आल्या, त्यांनी ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले, आणि त्यांच्या ध्यानात आले की ही साधने खेड्याला परवडणार नाहीत. मग शिंपले, बिया, पाने, खडे, बांबू यांचीच साधने झाली. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज गावोगाव चालतो. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधी तो प्रयोग आपल्या शेजारच्या डोंगरपट्टीत झालेला होता. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली, कुरणशाळा. हे वाचले तेव्हा गुरे राखायला गेलेला माझा तो विद्यार्थी आठवला आणि पुस्तक काही वेळ मिटून ठेवावे लागले.

अनुताई या बालविधवा. प्राथमिक शिक्षिका म्हणून त्यांची पहिली नोकरी आपल्याच नाशिक जिल्ह्यात, चांदोरीकडे, १९२९ साली. पुढे पुण्यास रात्रीच्या शाळेत जाऊन त्या मॅट्रिक झाल्या, आणि पन्नाशी उलटल्यावर १९६१ साली पदवीधर झाल्या. १९४५ साली त्या ताराबाईंच्या हाताखाली आल्या आणि पुढे केंद्राबरोबर कोसबाडच्या टेकडीवर गेल्या त्या १९९२ साली देह ठेवीपर्यंत. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे अनुताईंचे आत्मकथन आपल्या मंडळाच्या ग्रंथालयात असावे, अशी माझी विनंती आहे. मी माझी प्रत देईन, परंतु ती वाचून वाचून खिळखिळी झाली आहे.

आता गाण्यानाचण्याने होते काय, ते पाहू.

प्रथम जे होत नाही ते सांगतो. संगीत ऐकविले की मूल हुशार होते, अशा जाहिराती आपण पाहतो. १९९३ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. महाविद्यालयातील ३६ विद्यार्थ्यांना मोझार्ट या युरोपीय संगीतकाराची रचना दहा मिनिटे ऐकविली, आणि एका प्रकारच्या कोड्यांत त्यांचे गुण थोडे वाढले. तेही पंधरा मिनिटांपुरते. लहान मुलांचा त्यात संबंधच नव्हता, आणि पुढे अनेकांनी तपासले तेव्हा तेवढेही नीट टिकले नाही. त्यावर व्यापार मात्र जोरात झाला. आपण व्यापारी माणसे. मालापेक्षा वेष्टण भारी असले की काय समजावे हे आपल्याला कळते.

जे होते ते साधे आहे, आणि डोळ्यांना दिसते. तीन वर्षांच्या मुलाला ठेका नीट धरता येत नाही. आपण टाळी वाजवतो, ते आपल्या मागे-पुढे वाजवते. ही त्याची चूक नव्हे. अंगच अजून तयार झालेले नसते. पाच-सहाव्या वर्षी ते जमू लागते. लहान मुलाची स्वाभाविक लय मोठ्या माणसापेक्षा द्रुत असते. आपण संथ भजनी ठेका धरला की ते पुढे पळते आणि आपण त्याला ओढून मागे आणतो. शहाणा शिक्षक उलट करतो: आधी मुलाच्या चालण्याच्या लयीत ढोलकी वाजवतो, ते रुळले म्हणजे हळूहळू लय उतरवतो, चढवतो. हे मला कळायला दहा वर्षे लागली. आवाजाचेही तसेच. पुरुष शिक्षक आपल्या खालच्या पट्टीत गातो आणि पोरे त्याची नक्कल करताना नुसती गुरगुरतात. मुलांची पट्टी उंच, आणि त्यांना पाच-सहा स्वरांपलीकडे नेऊ नये. मी पुढे गाणेच सोडले. वर्गातल्याच एका बऱ्या गळ्याच्या मुलीला गायला सांगे आणि मी ढोलकी धरी.

सर्वांत उपयोगी खेळ म्हणजे थांबण्याचा. ढोलकी वाजते तोवर चालायचे, ती थांबली की जेथे असेल तेथे, जसे असेल तसे उभे राहायचे. एक पाय वर असेल तर वरच. दिसायला गंमत, पण पाच वर्षांच्या जिवाला स्वतःचा पाय आवरणे हे केवढे काम आहे! ज्याला पाय आवरता आला त्याला पुढे जीभही आवरता येते आणि शेजाऱ्याच्या पाटीवर जाणारा हातही. 'गप्प बसा' असे दिवसातून शंभर वेळा ओरडून मला जे साधले नव्हते ते ढोलकी थांबविल्याने साधले.

दुसरा खेळ आपल्या घोटीचाच. कसाऱ्याहून इगतपुरीला येणाऱ्या गाडीला थळ घाटात मागून इंजिने लावतात, हे येथील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. घाटाचा चढ ३७ फुटांस १ फूट असा आहे. आम्ही वर्गात गाडी करीत असू. एकामागे एक डबे, शेवटी दोन दणकट मुले ढकलणारी इंजिने. कसाऱ्याहून गाडी निघाली की ढोलकी अगदी सावकाश, पावले जड, गुडघे वाकलेले. बोगदा आला की सारे वाकून, आवाज बारीक. इगतपुरीला मागची इंजिने सुटली की लय मोकळी, आणि घोटीच्या फलाटावर गाडी येऊन थांबली की एका ठोक्यात स्तब्ध. विलंबित, मध्य आणि द्रुत हे शब्द मी मुलांना कधी सांगितले नाहीत. पण लय म्हणजे काय हे त्यांच्या गुडघ्यांना समजले होते.

साधनांचा खर्च विचाराल तर काहीच नाही. आपल्यापैकी कितीजणांच्या भाताच्या गिरण्या आहेत! एकसारखे चार रिकामे डबे घ्यावेत. एकात भात, दुसऱ्यात तांदूळ, तिसऱ्यात नागली, चौथ्यात वरई मूठ-मूठ घालून झाकणे पक्की करावीत. डबा हलवून आत काय आहे ते मुलांनी कानाने ओळखायचे. मोठी माणसे यात हरतात, हे मी पालकसभेत करून पाहिले आहे. करवंट्या, बांबूच्या टिपऱ्या, एखादी खंजिरी एवढे असले म्हणजे झाले. लेझीम एवढ्या लहानांच्या हाती देऊ नये. जड होते आणि मूल कंटाळते.

आता पेन्सिलीच्या चिंतेकडे येतो. मुलाच्या नावाचे तुकडे टाळ्यांनी पाडण्याचा एक खेळ आहे. घो-टी, दोन टाळ्या. इ-गत-पु-री, चार. कळ-सू-बा-ई, चार. मुले सबंध गावाची, घरातल्या माणसांची, भाज्यांची नावे अशी तोडतात. मग एका आवाजाने सुरू होणारी नावे एका रिंगणात, शेवट जुळणारी दुसऱ्या रिंगणात. हा नुसता पोरखेळ नव्हे. इंग्लंडातील ऑक्सफर्डच्या ब्रॅडली आणि ब्रायंट या संशोधकांनी १९८३ साली दाखवून दिले की चार-पाच वर्षांचे असताना ज्या मुलांना शब्दांतले सारखे आवाज ओळखता येत नाहीत ती पुढे वाचनात मागे पडतात, आणि तो सराव दिला तर वाचन सुधारते. म्हणजे अक्षर डोळ्यांपुढे येण्याआधी ते कानात यावे लागते. हाताचेही तसेच. खांदा आणि कोपर मोकळे झाल्याखेरीज बोटे पेन्सिल नीट धरीत नाहीत. गाण्याबरोबर हवेत मोठी वळणे काढणारा हात पुढे पाटीवर 'ळ' काढताना अडखळत नाही. तीन वर्षांच्या मुलाच्या बोटांत पेन्सिल कोंबून आपण त्याला लिहायला लावीत नाही, लिहिण्याचा कंटाळा लावतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांचा काळ एक टप्पा मानून त्यात खेळ आणि कृती यांनाच पुढे ठेवले आहे. तेव्हा हे केवळ एका म्हाताऱ्या मास्तराचे वेड नव्हे.

आणखी एक आक्षेप आहे, तो उघड बोलला जात नाही. म्हणून मीच बोलतो. ढोलकी, संबळ, नाच हे आपल्या ज्ञातीचे काम नव्हे, आणि मुलींचे तर नव्हेच, असे आपल्या घरांत अजून म्हटले जाते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले तेव्हा गाण्याविषयी घरंदाज माणसांचे हेच मत होते. तेच पलुस्कर उत्तरायुष्यात आपल्या नाशकास आश्रम करून राहिले, आणि तोवर घराघरांत पेटी आली होती. शिवाय आपल्या आज्या-पणज्या काय करीत होत्या? भोंडल्याचे फेर, झिम्मा, फुगडी, पिंगा हा सगळा ताल आणि हालचालीचाच अभ्यासक्रम होता, आणि तो बायकांनी, शाळा नसताना, जिवंत ठेवला. पौषात त्र्यंबकला निघालेल्या दिंडीत पावली खेळणाऱ्या वारकऱ्यांना आपण पाया पडतो. तेच पाऊल बालवाडीतल्या पोरीने टाकले तर नाक का मुरडावे? आणि ज्यांच्या हातून आपण लग्नात वाजप करवून घेतो त्यांच्या मुलांकडून आपल्या मुलांनी ठेका शिकला तर आपले काय उणे होते, तेही कोणीतरी मला समजावून सांगावे. बालवाडीत आज इतर समाजांचीही मुले येतात. ती फेरात एकमेकांचा हात धरतात. मला यात दोष दिसत नाही.

मात्र एक गोष्ट स्पष्ट करतो. स्नेहसंमेलनात सिनेमाच्या गाण्यावर जो नाच बसवतात त्याची वकिली मी करीत नाही. महिना-महिना तालीम, भाड्याचे कपडे, पुढच्या रांगेत चार गोऱ्या मुली, आणि मागच्या रांगेतल्याचे हात चुकले की बाईंचे डोळे. त्यात मूल लय शिकत नाही, भीती शिकते. मोबाइलवरच्या गाण्यांचेही असेच. गाणे चालू असते आणि मूल लाकडासारखे बसून असते. गाणे ऐकून ज्याचे अंग हलत नाही असे मूल पाहिले की मला काळजी वाटते. घरी आजीने पाच मिनिटे मांडीवर घेऊन ताल धरला तर त्याची सर कशालाच नाही.

म्हणून माझे कार्यकारी मंडळाला एवढेच सांगणे आहे की बाके घेऊ नयेत. एकदा बाके आली की जमीन गेली. सभागृहाची मोकळी फरशी हेच बालवाडीचे सर्वांत मोठे साधन आहे. लग्नसराईत सभागृह भाड्याने द्यावे लागते, त्याच्या उत्पन्नावर मंडळ चालते, हे मला मान्य आहे. त्या दिवसांत मुलांना मागच्या ओसरीवर बसवू. परंतु बाकीचे दिवस सकाळी साडेआठ ते अकरा ही वेळ मुलांची राहू द्यावी. बालवाडीच्या बाईंना साथीला माणूस हवा, तर मी आहे, पगार नको. दोन सतरंज्या फाटल्या आहेत, तेवढ्या कोणी दिल्यास बरे होईल. ढोलकीची एक पुडी उतरली होती, ती मी नाशिकहून चढवून आणली आहे. सभागृहाची एक किल्ली मात्र मजकडे असावी, कारण पहारेकरी नऊशिवाय येत नाही आणि मुले पायरीवर ताटकळत उभी राहतात. पावसात तर फारच हाल होतात.

ज्यांना डब्यांचा खेळ पाहायचा असेल त्यांच्यासाठी मी चारही डबे बरोबर आणले आहेत. जेवणाच्या पंगती उठल्यावर ओसरीवर बसतो.